मामाची आफ्रिकेतली बहीण

बी. ए. झाल्यावर दोन-तीन वर्षं मी सांगलीत बायकांच्या एका संस्थेत नोकरी केली. नोकरी म्हणजे पत्रकं छापायची, दोरीवर सुकवायची आणि त्यांना पिना मारायच्या. सायक्लोस्टाइलची शाई नखांत अशी बसली होती की, मला बघायला आलेल्या एका मुलाच्या आईनं मुलगी गॅरेजमध्ये जाते का, असं विचारलं होतं. आमचं सगळ्यात खपाचं पत्रक लेकीच्या वाट्याचं. बापाच्या जमिनीत लेकीचाही हिस्सा असतो, भावानं साडीचोळी पुढं केली म्हणून हक्कसोडपत्रावर सही करू नका, असं त्यात ठळक अक्षरांत होतं. बिघडलेल्या प्रती मी घरी आणायचे आणि आई त्या फळीवर अंथरायची. आमच्या लोणच्याच्या बरणीखाली 'सही करू नका' हे कायमचं लिहिलेलं होतं.

आणि तरी आई सही करणार होती.

आजोबांना जाऊन वर्ष झालं होतं. आईचं माहेर मेढ्याच्या पुढं डोंगरात. तिथल्या भाताच्या खाचरांवर वारस म्हणून आई आणि मामा अशी दोघांची नावं लागली होती. मामा आईपेक्षा पाच वर्षांनी धाकटा, गावचा उपसरपंच, आवाजानं मोठा. त्याचं कार्ड आलं: अमुक गुरुवारी मेढ्याला कचेरीत सहीला ये, साडी घेऊन ठेवली आहे, हिरवी आहे. आमच्याकडं रीत हीच. बहिणीनं सही द्यायची, भावानं साडी द्यायची, आणि मग म्हातारपणापर्यंत दिवाळीला दार उघडं राहतं. आई म्हणाली, चार खाचरांपायी भाऊ तोडू व्हय? एवढं बोलून तिनं आमटीत दुसऱ्यांदा मीठ घातलं.

तिला हवी होती ती एकच पट्टी, ओढ्याकाठची. तिथला फणस तिनं लहानपणी आठळी पुरून लावलेला. ती पट्टी हवी असं ती कधीच म्हणाली नाही, पण माहेरची कुठलीही गोष्ट सांगायला लागली की गोष्ट त्या फणसाखालून सुरू व्हायची. मला हे सगळं दिसत होतं आणि मी मूग गिळून बसले होते. दुसऱ्यांच्या आयांना द्यायला माझ्याकडं पत्रक होतं, स्वतःच्या आईला सांगायला तोंड नव्हतं. शिवाय मामा दर मे महिन्यात फणस आणि तांदूळ घेऊन यायचा, तो यायचा बंद होईल याची मलाच भीती होती. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, ही म्हण मी त्या महिन्यात पुष्कळदा मनातल्या मनात म्हटली.

त्यातच आफ्रिकेतून पाहुण्या येणार असल्याचं पत्र संस्थेत आलं. बाई झांबियाच्या, आपल्या देशात विधवांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या, दोनदा तुरुंगात जाऊन आलेल्या. आठ दिवस राहणार, बायकांना भेटणार, एक खेडं बघणार. संस्थेच्या प्रमुख ताईंनी दुभाषी म्हणून मला नेमलं, कारण माझं बी. ए. इंग्रजीत होतं. इंग्रजीत मला सेहेचाळीस मार्क पडले होते हे मी त्यांना कधी सांगितलं नव्हतं. खेडं कुठलं दाखवायचं असा प्रश्न आला तेव्हा मी भाव खाऊन म्हणाले, माझे मामा उपसरपंच आहेत. तारखा जुळवल्या तेव्हा भेटीचा दिवस बुधवार निघाला. सहीचा गुरुवार.

ताईंच्या घरी लग्नाची पाहुणेमंडळी होती, म्हणून बाई आमच्या दोन खोल्यांत उतरल्या. घरचं झालं थोडं आणि व्याह्यानं धाडलं घोडं, असं वडील म्हणाले, पण कुपवाडच्या कारखान्यातून येताना तेच नवी चादर घेऊन आले. बाई उंच, आडव्या बांध्याच्या, आईपेक्षा दोन-तीन वर्षांनी लहान असतील. हसायला लागल्या की शेजारच्या खिडक्या उघडायच्या. पहिल्याच संध्याकाळी आमच्या बोळातल्या एका मास्तरांनी येऊन त्यांना सिंहाबद्दल विचारलं. तुमच्याकडं रस्त्यात सिंह आडवा येतो तेव्हा काय करता? बाई म्हणाल्या, मी सिंह एकदाच पाहिलाय, परदेशात, पिंजऱ्यात, आणि तिकीट काढून. मग त्यांनी विचारलं, तुमच्याकडं म्हणे रस्त्यातनं हत्ती फिरतात? आम्ही सगळे पोट धरून हसलो. मास्तरांनी तर भारताबद्दलच्या गैरसमजांवर एक छोटं भाषणच केलं. दुसऱ्या दिवशी सकाळी बाईंना घेऊन मी बोळातून बाहेर पडले तर समोरून गणपतीच्या देवळाचा हत्ती येत होता. माहूत वर बसून दात घासत होता. बाईंनी एकदा माझ्याकडं पाहिलं. मग हत्तीला त्यांनी वाकून नमस्कार केला.

आईची आणि त्यांची गट्टी मला न विचारता जमली. आईनं शेपूच्या भाजीत शेंगदाण्याचं कूट घातलेलं त्यांनी पाहिलं आणि त्या ओट्याशी जाऊन उभ्या राहिल्या. त्यांच्या आईची पालेभाजी अशीच, कूट घालून. भाकरीऐवजी मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा, एवढाच फरक. तेवढं मी भाषांतर केलं, त्यानंतर कोणी मला हाक मारली नाही. आई मराठीत बोलायची, बाई त्यांच्या भाषेत, दोघी माना डोलवायच्या. शेवटी मी विचारलं, तुम्हाला काय कळतंय? आई म्हणाली, तिच्या जावेचं सांगतीया, लय आगाऊ हाय. मी इंग्रजीत विचारून खात्री केली. खरंच जावेचंच चाललं होतं. सेहेचाळीस मार्क घेतलेल्या माणसाला हा अपमान बराच लागला.

सभा मार्केट यार्डात ठेवली होती, हळदीच्या गोदामाशेजारी, कारण हळद निवडणाऱ्या बायका तिथंच होत्या. हंगाम जोरात. बाईंचा पांढरा झगा पाच मिनिटांत पिवळा झाला आणि त्या सलग सात वेळा शिंकल्या. एक म्हातारी म्हणाली, हळद तर लागली, आता नवरा बघा. मी हे सांगितल्यावर बाई म्हणाल्या, नवरा एकदा झाला, चांगला होता, पण पुन्हा सासरचा ट्रक नको. कुठला ट्रक, म्हणून बायकांनी विचारलं, आणि तिथून त्यांची कहाणी सुरू झाली.

नवरा रेल्वेत कारकून होता. तो तापानं गेला. त्याला माती देऊन बाई घरी आल्या तर दाराशी दिरांचा ट्रक उभा. रीतच तशी, मेलेल्याचं सगळं त्याच्या माणसांचं, आणि बायको त्या माणसांत धरत नाहीत. दिरांनी पलंग नेला, रेडिओ नेला, कोंबड्या नेल्या. चुलीवरचं पातेलं गरम होतं म्हणून ते फडक्यात धरून नेलं. शिवणयंत्र नेलं, ज्यावर त्या पोरांचे गणवेश शिवायच्या. ट्रक निघून गेला आणि थोड्या वेळानं धाकटा दीर एकटा परत आला. बाईंना वाटलं, माफी मागायला आला. तो दार काढून घेऊन गेला.

बायका हसल्या. पहिल्यांदा बाईच हसल्या होत्या, म्हणून त्यांना हसायची हिंमत झाली.

बाईंनी शिवणयंत्रासाठी कोर्टात अर्ज केला. तारखेला गेल्या तर बायकांना बसायला बाक नाही. त्या घरून स्टूल घेऊन जायला लागल्या. ते बघून गल्लीतली आणखी एक विधवा आपलं स्टूल घेऊन आली, मग तिसरी, मग चौथी. काही महिन्यांत कोर्टाच्या आवारात इतकी स्टुलं झाली की मॅजिस्ट्रेटनं विचारलं, आज कुणाचं लग्न आहे? मग रस्ता अडवल्याचं कारण काढून पोलिसांनी बायकांना आत टाकलं आणि स्टुलं पुरावा म्हणून जप्त केली. कोठडीत बायका जमिनीवर बसल्या आणि बाहेर पोलीस पुराव्यावर बसले. बाईंनी याविरुद्ध वेगळा अर्ज केला. शेवटी शिवणयंत्र मिळालं, ते सुईशिवाय. सुईसाठी त्या आणखी वर्षभर कोर्टात गेल्या. त्या वर्षात त्यांना कायदा पाठ झाला आणि मग गावोगावच्या बायका त्यांच्या दाराशी यायला लागल्या. दार नव्हतंच, त्यामुळे सरळ आत यायच्या.

हे सगळं मी जमेल तसं सांगत होते. तोवर माझी पद्धत अशी होती की, बाई दहा मिनिटं बोलल्या तर मी एका वाक्यात गुंडाळायची आणि ताई एक वाक्य बोलल्या तर त्यात स्वतःची नऊ घालायची. त्या दिवशी मात्र मी एक शब्द गाळला नाही. म्हातारीनं विचारलं, मग दार मिळालं का? बाई म्हणाल्या, नवीन केलं, कडी आतून आहे.

मागच्या रांगेत आई बसली होती. सभेत ती कधी तोंड उघडत नसे. तिनं हात वर केला आणि विचारलं, "आन् दीर? बोलत्यात का आता?"

बाई म्हणाल्या, मोठा नाही बोलत. धाकटा सहा वर्षांनी आला, त्याची स्वतःची मुलगी विधवा झाली आणि तिच्या सासरचा ट्रक आला तेव्हा. येताना ते दार डोक्यावर घेऊन आला. नव्या चौकटीत ते बसलं नाही. आता त्याचं टेबल केलंय, त्यावर मी अर्ज लिहिते.

बायका पुन्हा हसल्या. आई हसली नाही. घरी जाताना रिक्षात ती एवढंच म्हणाली, म्हंजी सहा वर्सं.

बुधवारी पहाटेच्या एस. टी.नं आम्ही तिघी साताऱ्याला आणि तिथून मेढ्याला निघालो. ताईंना लग्नामुळे येता आलं नाही. आई का बरोबर आहे, हे मी बाईंना सांगितलं नव्हतं. भावाकडं साडी आणायला चाललीय, एवढंच म्हणाले होते. तसं ते खोटं नव्हतं. पण एवढा प्रवास करून आलेल्या बाईला मी कुठल्या तोंडानं सांगणार होते की, पत्रकं छापणारीची आई उद्या सकाळी अंगठ्याला शाई लावणार आहे? घाटात बाई खिडकीतून डोंगर बघत होत्या आणि आई पिशवीतल्या चिवड्याचा पुडा दर दहा मिनिटांनी सोडून पुन्हा बांधत होती.

मामानं स्वागताला कसूर ठेवली नव्हती. वेशीवर हलगी, शाळेतली पोरं, चुन्यानं लिहिलेलं 'सुस्वागतम्', आणि मेढ्याहून भाड्यानं आणलेला माईक. बाईंना इतका आनंद झाला की त्यांनी तोंडावर हात धरून, जीभ हलवून, त्यांच्याकडच्या बायका लग्नात घालतात तशी एक लांब किलकारी घातली. हलगीवाला थांबला. पाणवठ्यावरच्या चार म्हशी शेपट्या वर करून ज्या पळाल्या त्या पलीकडच्या वाडीत सापडल्या. मग गावातल्या सगळ्या बायकांना ते शिकायचं होतं. मामाचं स्वागतपर भाषण होईपर्यंत मागं सरावच चालला होता.

मामाला आफ्रिकेची काही माहिती नव्हती, पण त्यानं त्यावाचून काही अडू दिलं नाही. तिकडं डोंगार हायती, हिकडं बी डोंगार हायती, तिकडं बी पावसाळ्यात रस्ता वाहून जातो, हिकडं बी जातो, असं त्यानं दोन्ही भूभागांतलं साम्य सांगितलं. बाईंना फेटा बांधला, नारळ दिला. तेवढ्यात पुढं बसलेला एक म्हातारा म्हणाला, नुसत्या नारळावर बाईमाणसाची बोळवण करायची व्हय? मामाला हे झोंबलं. तो माईकवरच म्हणाला, "पाव्हणी कसली, ही माझी मानल्याली बहीण हाय," आणि मामीला ट्रंकेतली साडी आणायला सांगितलं. मामी दबक्या आवाजात म्हणाली, ती वन्संची हाय. मामा म्हणाला, वन्संला दुसरी आणू की, उद्या मेढ्याला जायाचंच हाय. हे सगळं माईक चालू असताना.

म्हणजे आईच्या सहीची हिरवी साडी गावासमक्ष आफ्रिकेला गेली. मी आईकडं पाहिलं. ती तोंडाला पदर लावून हसत होती. मला वाटतं, ते हसू येईपर्यंत तिलाही माहीत नव्हतं की तिला ती साडी किती नको होती.

मामीनं बाईंची ओटी भरली. विधवेची भरत नाहीत, पण तेवढं मी मामीला सांगितलं नव्हतं. बाईंनी साडीवरून हात फिरवला आणि मला विचारलं, भाऊ बहिणीला साडी देतो, मग बहीण भावाला काय देते? त्यांचा धंदाच तो, कुठल्याही रीतीची दुसरी बाजू विचारायची. आशीर्वाद देते, असं सांगून मी सुटले असते. जिभेवर तेच आलं होतं. पण मी म्हणाले, जमीन देते. आणि एकदा तोंड उघडल्यावर मी सगळंच सांगून टाकलं, कार्ड, सही, उद्याचा गुरुवार, फणस, लोणच्याच्या बरणीखालचं पत्रक. रडायला येत होतं, म्हणून इंग्रजी जास्तच चुकत होतं. माईक माझ्या हातात होता आणि चालू होता. अख्ख्या जावळीच्या खोऱ्यात ते घुमलं. सुदैवानं गावात इंग्रजी येणारे शाळेचे गुरुजीच तेवढे होते. त्यांना चहाचा ठसका लागला, पण मामाकडं बघून ते गप्प राहिले.

बाईंनी ऐकून घेतलं. मग अगदी भोळा चेहरा करून म्हणाल्या, भावाला सांग, मला शेत बघायचंय.

मामा खूश. फेटे, हलगी, पोरं, किलकाऱ्या घालणाऱ्या बायका, अशी सगळी वरात बांधाबांधानं निघाली. मामा हात लांब करून दाखवत होता, ह्ये आपलं, त्ये बी आपलं. खाचरं कोरडी होती, ढेकळं पायाला लागत होती. ओढ्यापाशी फणसाखाली सावलीत सगळे थांबले. फणस बुंध्यापर्यंत लगडला होता.

बाईंनी मला शब्दन् शब्द सांगायला लावलं. मी सांगितलं, "त्या म्हणतात, मी बहीण झाले, तर माझा वाटा कुठला?"

सगळा घोळका हसला. तो मघाचाच म्हातारा म्हणाला, बरोबर हाय, कर आता वाटणी. मामा रंगात आला होता. घे म्हणावं, पायजे ती पट्टी घे, असं त्यानं जाहीर केलं. बाई वळल्या आणि त्यांनी आईला हातानं विचारलं, कुठली चांगली?

आईनं पायाखाली बोट दाखवलं. "ही. हितं उन्हाळ्यात बी वल असती. आन् फणस मी लावल्याला हाय."

"दिली," मामा म्हणाला. टाळ्या पडल्या. बाईंनी वाकून मूठभर माती उचलली आणि नव्या साडीच्या पदराला गाठ मारून बांधली. मग म्हणाल्या, आमच्याकडं धाकटी आपला वाटा थोरलीला देऊ शकते, मी माझा वाटा हिला दिला. मी भाषांतर केलं. पुन्हा टाळ्या, हलगी, किलकारी. सगळ्यात जास्त मामा हसत होता. तमाशा चांगला झाला, आता घरी जाऊन जेवायचं, अशा बेतानं तो वळला.

"थांब," आई म्हणाली. "हसण्यावारी न्हिऊ नगंस. मला खरंच पायजे ही पट्टी. ही माझ्या नावावर कर, मग बाकीच्यावर सही करते. तवर मी मेढ्याला येत न्हाई."

हलगीवाल्यानं आणखी दोन टोले मारले आणि मग त्यालाही कळलं.

मामा परत फिरला. "लोकांम्होरं बोललीस, आक्का."

"घरात बोलले असते तर ऐकलं असतंस?"

मामा फेट्यासकट घराकडं निघून गेला. जेवायला बसला नाही. ओट्यावर बसून माईकची वायर गुंडाळत राहिला, गुंडाळून झाली की सोडायचा आणि पुन्हा गुंडाळायचा. आत मामीनं आईच्या ताटात एकावर एक दोन भाकरी टाकल्या, वर तूप ओतलं आणि आईच्या कानाशी म्हणाली, "मी बी सही केल्याली हाय, वन्सं. साडी दोन वर्सांत फाटली."

गुरुवारी सकाळी आम्ही मेढ्याला गेलो ते एस. टी.साठी. मामा सोडायला आला नाही. बाई शनिवारी सांगलीहून निघाल्या. जाताना आईला मिठी मारून त्या खूप काही बोलल्या आणि आईही बोलली, कोणी भाषांतर मागितलं नाही. तोवर मी त्यांना मावशी म्हणायला लागले होते, हिशेबानं नातं तेच लागत होतं.

त्या दिवाळीत भाऊबीजेचं बोलावणं आलं नाही. भाऊ जवळ नसला की बायका चंद्राला ओवाळतात. आई गच्चीवर ताट घेऊन गेली आणि चंद्राला ओवाळून आली. म्हणाली, बरा हाय, साडी देत न्हाई आन् सही मागत न्हाई. मी हसले, पण मला स्वतःचा फार राग आला होता. माईकवर शौर्य गाजवून मी माझ्या आईचं माहेर बुडवलं, असं मला वाटायचं. आईनं एकदाही तसं म्हटलं नाही. मे महिन्यात बोळात फणसाचा वास आला की मात्र ती खिडकी लावून घ्यायची. दुसऱ्या दिवाळीलाही चंद्रच. त्या वर्षी ढग होते, आई ताट घेऊन बराच वेळ उभी होती.

तिसऱ्या वर्षी उन्हाळ्यात झांबियाहून पाकीट आलं. आत फोटो. मावशी हिरवी साडी नेसून स्वतःच्या दाराशी उभी. साडी उलट्या खांद्यावर, निऱ्या मागच्या बाजूला, पण ऐटीत. चिठ्ठी मामाच्या नावानं, आमच्या पत्त्यावर. माझा भाऊ कसा आहे, आणि आमचं शेत कसं आहे, असं विचारलं होतं. आईनं फोटो दोनदा पाहिला आणि पिशवी भरायला घेतली. दुसऱ्याच्या नावचं टपाल घरात ठेवू नये, म्हणाली.

मामा ओट्यावर बसला होता. थकल्यासारखा दिसला. आम्हाला बघून उठलाही नाही आणि आतही गेला नाही. आईनं फोटो पुढं केला. त्यानं तो उजेडात धरला, डोळ्यांजवळ नेला.

"साडी उलटी नेसलीया की," तो म्हणाला.

मी चिठ्ठी वाचून दाखवली. शेताचं वाक्य आलं तसा मामा उठला, शिडी लावून माळ्यावर चढला आणि त्यानं एकामागून एक दोन पोती खाली सोडली. पोत्यांवर कोळशानं एका बाजूला 'आक्का' लिहिलं होतं आणि दुसऱ्या बाजूला 'आफ्रिका'. पट्टी नेमकी कुणाला दिली हे त्याचं त्यालाच न कळल्यानं त्यानं दोन्ही लिहून ठेवलं होतं.

"गावाम्होरं दिली म्हनलो हुतो," मामा शिडीवरूनच म्हणाला. "त्या पट्टीचा एक दाणा खाल्ला न्हाई."

"मग धाडलं का न्हाईस?"

"तू आली न्हाईस."

"तू बोलावलं न्हाईस."

मामीनं तोवर पोतं सोडलं आणि कपाळावर हात मारला. तांदळात किडे झाले होते. मग सुपं आली, चाळणी आली, अंगणात चादर अंथरली गेली. मामाही एक सूप घेऊन आईशेजारी बसला. त्याला पाखडता येत नव्हतं, निम्मा तांदूळ चादरीबाहेर जात होता, आणि आई लहानपणी ओरडत असेल तशी त्याला ओरडत होती. तलाठ्याकडं सोमवारी जायचं ठरलं, ते याच ओरडण्याच्या मधे कुठंतरी. नव्या साडीचं मामानं काढलं तेव्हा आई म्हणाली, साडी ऱ्हाऊ दे, फणस उतरव.

रात्री त्याच तांदळाचा भात केला. जुना झालेला असल्यानं चांगला मोकळा झाला.